घोडवाट आणि पाणवाट

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मागच्या महिन्यात मोबाइलवर एक फोटो पाठवला. कोटमाळच्या पायथ्याशी, फाट्यावर, कुणीतरी लोखंडी पाटी लावली आहे. तिच्यावर डोंगराचं चित्र, चित्रावर तीन रंगांच्या तीन रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे लिहिलेलं: घोडवाट, सोपी. शेळवाट, मध्यम. पाणवाट, अवघड, फक्त अनुभवी व्यक्तींनी जावे. खाली त्याने विचारलं होतं, 'मॅडम, हे तुमचंच गाव ना?' मी चष्मा लावून ती पाटी दोनदा वाचली आणि एकटीच हसत बसले. माझी माय त्या अवघड वाटेने दिवसाला चार खेपा करायची, डोक्यावर एक घागर आणि कमरेवर दुसरी घेऊन, तीही अनवाणी. तिला कुणी अनुभवी व्यक्ती म्हटलं असतं तर पदर तोंडाला लावून तिने हसून घेतलं असतं. नांदेडच्या या घरात मी नळाची तोटी सोडते तेव्हा अजूनही एक क्षण कान देऊन ऐकते, पाणी खरंच येतंय ना म्हणून. सून मला हसते. हसू दे.

कोटमाळ म्हणजे बालाघाटाच्या एका सुट्या डोंगरावर वसलेलं, चहूबाजूंनी तट असलेलं गाव. मुखेड-कंधारकडच्या लोकांना ते नुसतं 'कोट' म्हणून ठाऊक. तट कुणी बांधला, कोणत्या राजवटीत, कितीदा पडला आणि कुणी उभा केला, हे मी पुढे नोकरीभर पोरांना फळ्यावर शिकवलं, म्हणून इथे शिकवणार नाही. आमच्या लेखी बुरूज म्हणजे मिरच्या आणि कुरडया वाळत घालायची जागा. तोफेचं तोंड जिथून बाहेर निघायचं त्या भोकातून आम्ही पोरी खालची एसटी बघायचो. शेतं सगळ्यांची खाली, घरं सगळ्यांची वर. सकाळी गाव उतरायचं आणि दिवेलागणीला गाव चढायचं. खालच्या गावातली माणसं आम्हाला म्हणायची, 'तुमच्या पोटऱ्या बघितल्या की कळतं कोटातले हायेत.' त्याचा आम्हाला अभिमान वाटायचा. मला आजही वाटतो.

वर येणाऱ्या वाटा तीन. घोडवाट दक्षिणेकडून, रुंद, काळ्या दगडांची फरशी घातलेली, भरली बैलगाडी दम न लागता चढेल अशी बेताची चढण. ती डोंगराला वळसा घालत तीन दरवाज्यांतून आत येते. पहिल्या दरवाज्याच्या फळ्यांवर बोटभर लांब खिळे, दुसऱ्याच्या कमानीवर दगडात कोरलेले दोन वाघ, आणि तिसऱ्यापाशी दोन्ही बाजूंना देवड्या, ज्यांत गावची जाणती माणसं दिवसभर बसलेली असत. नवखा माणूस तिसऱ्या दरवाज्यातून आत शिरेपर्यंत त्याला आपण कुण्या राजाच्या घरी चाललो आहोत असं वाटू लागायचं. शेळवाट पूर्वेकडून, शेळ्यांनीच शोधलेली, शेतात जाणाऱ्या गड्यांची. आणि पाणवाट उत्तरेकडून. तटाच्या मागच्या अंगाला एक दिंडी, म्हणजे लहानसं दार, आहे, वाकून जावं लागेल एवढीच. तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्या सरळ खाली उतरतात, त्या पायथ्याच्या बारवेपर्यंत. कोणतीही पायरी दुसरीच्या उंचीची नाही. मध्ये एका वळणावर खांद्याइतक्या उंचीचा एक खडक सपाट करून ठेवला आहे. त्याला म्हणायचं घागरटेक. तिथे कुणाच्या मदतीशिवाय डोक्यावरची घागर टेकवता येते. ज्याने कुणी तो खडक तिथे, नेमका तेवढ्या उंचीवर तासला, त्याने आपल्या बायकोला पाणी आणताना पाहिलं असणार. वाघ कोरणाऱ्यापेक्षा मला तो कारागीर मोठा वाटतो.

पाणवाटेचा एक कायदा होता. भरल्या घागरीशी बोलायचं नाही आणि भरल्या घागरीने बोलायचं नाही. रिकामी उतरणारी बाई दरीच्या कडेला सरकून उभी राहायची, भरलेली डोंगराच्या कडेने चढायची, आणि दोघी सख्ख्या बहिणी असल्या तरी नजरसुद्धा मिळवायच्या नाहीत. चढताना बोललं की दम मोडतो, आणि दम मोडला की पाय चुकतो, एवढं साधं कारण. पण तो कायदा इतका मुरलेला होता की आमच्या गल्लीतल्या एका बाईचा भाऊ वारला तेव्हा निरोप घेऊन आलेला माणूस बारवेपासून वरपर्यंत तिच्या मागे मुकाट चालत आला. तिने घागर उतरवली, चुंबळ काढून हातात घेतली, तेव्हा तो बोलला. घागरटेकेवर मात्र घागरी टेकल्या की बायका जे सुटायच्या, ते सगळ्या गावाची उणीदुणी काढूनच पुढच्या पायरीला लागायच्या. मी भाषा शिकले ती शाळेत कमी आणि त्या खडकापाशी जास्त.

आमचं घर दिंडीला लागूनच होतं. पहाटे जाग यायची ती गल्लीतून जाणाऱ्या रिकाम्या घागरींच्या आवाजाने. तांब्याची वेगळी वाजते, पितळेची वेगळी, आणि मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं कोण चाललं आहे. मायची तांब्याची, जराशी चेपलेली; तिचा आवाज दबका. मग दादा, म्हणजे माझे वडील, खाकरत उठायचे, माझा थोरला भाऊ माधव शेळीची धार काढायचा, आणि माय पहिली खेप करून येऊन चुलीपुढे बसलेली असायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईचं तेल. आठवड्यातून एकदा येसराची आमटी. येसर म्हणजे डाळी, ज्वारी, धणे, मिरच्या असं सगळं भाजून दळून ठेवलेलं पीठ. चार चमचे पाण्यात कालवून उकळलं की घर वासाने भरून जायचं. माझ्या सुनेला मी येसर करायला शिकवलं आहे, ती चांगलंच करते, पण आमटी पातळ करायला हात सैल सोडते. माय पाणी घालताना भांडं नेहमी दोन्ही हातांनी धरायची. थेंबाचीसुद्धा ती इज्जत करायची.

माधव सव्वीस वर्षांचा झाला होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलगा नाकीडोळी नीटस, कष्टाळू, पानसुपारीचंसुद्धा व्यसन नाही, बोलायला मात्र महाग. खोट त्याच्यात नव्हती, खोट उंचीत होती. 'वर कोण पोरगी देतंय?' असं खालची माणसं सरळ म्हणायची. तटाच्या आत एक मोठा हौद आहे, पावसाळ्यात काठोकाठ भरतो, पण शिमग्याला त्याचा तळ दिसतो. मग मृगापर्यंत सगळं गाव पाणवाटेवर. आणि लग्नाचं बोलणं-पाहणं नेमकं याच दिवसांत. यावर आमच्या गावाने एक उपाय काढला होता आणि तो किती पिढ्या चालत आला होता कुणास ठाऊक. घर बघायला येणाऱ्या सोयऱ्यांना घोडवाटेनंच आणायचं. त्या दिवशी त्या घरच्या बायकांनी पहाटेच पाणी भरून घ्यायचं, दिंडीची कडी लावून टाकायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, वर हौद आहे. ते खोटंही नव्हतं. तिसऱ्या दरवाज्यात जाणती माणसं फेटे बांधून उभी राहायची, पाव्हण्यांना वाघ दाखवले जायचे, आणि उन्हं कलायच्या आत त्यांना त्याच वाटेने खाली पोचवलं जायचं. गावात कुणाला यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं.

चाकूरकडच्या एका गावातून सोयरीक आली होती. माधवने दादांबरोबर जाऊन मुलगी पाहिली होती आणि परत आल्यावर तो दोन दिवस विनाकारण शीळ घालत होता, त्यावरून आम्हाला काय ते कळलं. आता मुलीकडची माणसं घर पाहायला येणार होती. तीन ठिकाणांहून नकार आल्यावर ही चौथी. दादांनी आदल्या दिवशी मला समोर बसवून पढवलं. मी तेरा-चौदा वर्षांची, घरात सगळ्यात चटपटीत. दादा स्वतः तिसऱ्या दरवाज्यात चार जाणत्यांना घेऊन उभे राहणार, माधवने तर सासऱ्याला आणायला जायचं नसतंच, तेव्हा फाट्यावरून पाव्हण्यांना घेऊन येण्याचं काम माझं. 'घोडवाटेनंच आणायचं. काय इचारलं तर?' 'वर हौद हाय.' 'पाणी हाय का?' 'हाव, हाय.' 'शाबास,' दादा म्हणाले. माय चुलीपाशी शेवया भाजत होती. 

एसटीतून दोघं उतरली. मुलीचे वडील गोविंदराव, उंच, पांढरं धोतर, हातात छत्री; आणि त्यांच्या मागे मुलीची आई, कोंडाबाई. घर बघायला बायका येत नसत त्या काळी. त्यामुळे मी जरा गोंधळले. कोंडाबाई ठेंगण्या, रापलेल्या, डोळ्यांना सतत काहीतरी कमी पडतंय अशा सगळीकडे बघणाऱ्या. दोन पावलं चाललो नाही तोच त्यांनी विचारलं, 'पोरी, पाणी कुठलं पिता गं वर?'

'वर हौद हाय.'

'आता बी पाणी हाय त्याच्यात?'

'हाव, हाय,' मी म्हणाले, आणि किती सहज म्हणाले याचंच मला कौतुक वाटलं.

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग आम्ही घोडवाटेला लागलो. दुपारचे बारा वाजलेले, चैत्राचं ऊन, आणि त्या काळ्या फरशीवर एका झाडाची सावली नाही. माझी चप्पल फक्त शाळेपुरती असायची. माझे तळपाय असे पोळायला लागले की मी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत चालू लागले. पहिला दरवाजाही अजून दूर होता. कड्याखालून जाणारी उत्तरेकडची पाणवाट त्या वेळी पूर्ण सावलीत असते, हे मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर मला तेवढं एकच दिसत होतं: सावली. मी थांबले आणि म्हणाले, 'मागून जवळची वाट हाय. सावली बी हाय.' गोविंदराव घाम पुसत होते, ते लगेच वळले. दादांनी काय पढवलं होतं ते मला आठवत नव्हतं असं नाही. मी मनाशी म्हणत होते की मायने पहाटेच पाणी भरलंय, हाक मारून दिंडीची कडी काढायला लावू आणि मागल्या दाराने आत घेऊ, कुणाला काय कळतंय.

पण वर घरात वेगळंच झालं होतं. पाव्हण्यांसाठी भरून ठेवलेल्या हंड्यात आमच्या शेळीने तोंड घातलं. पाव्हण्यांना शेळीचं उष्टं पाणी देणार कसं? शेजारी मागावं तर चैत्रात कुणी कुणाला पाणी मागत नसे. पीठ मागायचे, मीठ मागायचे, पाणी नाही. मायने विचार केला, घोडवाटेने यायला त्यांना तास लागेल, तेवढ्यात माझी एक खेप होते. आणि ती दोन घागरी घेऊन पाणवाट उतरली.

आम्ही पाणवाटेच्या पहिल्या वळणावर दम खात उभे होतो. गोविंदराव छातीला हात लावून म्हणत होते, 'हे सावलीचं लई महाग पडून राहिलं, पोरी.' तेवढ्यात खालून, बारवेतून, ती आली. डोक्यावर घागर, कमरेवर घागर, हिरवं लुगडं खांद्यापाशी भिजून काळं झालेलं. मी तिला पावलांवरूनच ओळखलं. तिने आम्हाला पाहिलं, मोकळ्या हाताने पदर पुढे ओढला आणि चढत राहिली. गोविंदरावांनी चांगल्या मनानेच विचारलं, 'बाई, वर अजून किती राहिलं?' ती तशीच जवळ येत राहिली. त्यांनी जरा मोठ्याने विचारलं, 'ओ बाई, माधवरावांचं घर हिकडनंच का?' ती आमच्या अगदी जवळून गेली, तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू आला, आणि तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तोंड उघडता आलं असतं. मी रिकामी होते. 'ती माझी माय आहे आणि आमच्यात भरल्या घागरीने बोलत नाहीत,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी दरीकडे सरकून उभी राहिले आणि पायाच्या अंगठ्याने पायरीवरची माती उकरत बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

गोविंदरावांचा चेहरा उतरला. 'काय माणसं हायेत,' ते बायकोला म्हणाले. 'आपल्याकडं वाटसरूला बसवून पाणी देतेत. हिथं तोंड बी उघडत न्हाईत.'  कोंडाबाई वर जाणाऱ्या मायच्या पाठीकडे बघत होत्या, ती दृष्टीआड होईपर्यंत.

तिकडे तिसऱ्या दरवाज्यात दादा फेटा बांधून, जाणत्यांना घेऊन, दक्षिणेकडे डोळे लावून उभे होते. आणि इकडे त्यांचे व्याही होऊ घातलेले पाव्हणे वाकून दिंडीतून शिरले ते थेट आमच्या परसात. पुढच्या ओसरीवर शेजारून आणलेला गालिचा, धुतलेल्या चादरी, सारवून काढलेली रांगोळी. आणि मागे रिकामा रांजण, शेळी, उष्टा हंडा. माय घागरी उतरवून नुकतीच पाठ सरळ करत होती. तिने त्यांना पाहिलं. पळून आत जाईल, असं मला वाटलं. तिने तांब्या विसळला, नव्या घागरीतलं पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी गोविंदरावांपुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. 'तुमीच का मघाच्या?'

'हाव.'

'मी दोनदा इचारलं.'

'भरली घागर होती, पावनं,' माय म्हणाली. 'आमच्या वाटेवर भरल्या घागरीनं बोलत न्हाईत. दम मोडला तर पाय जातो. माझं चुकलं असंल तर माफी करा. आता हात रिकामे हायेत, इचारा काय इचारायचं ते.'

ते परसातल्या दगडावर बसले. घाम पुसला. पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला आणि मग सावकाश म्हणाले, 'अशा किती खेपा करता?'

'चार. कुणी आलं-गेलं तर पाच.'

'अन् हौद? ही पोरगी म्हणली, हौदात पाणी हाय.'

मायने माझ्याकडे पाहिलं. मी शेळीकडे पाहिलं. 'हौद हाय,' माय म्हणाली. 'शिमग्याला आटतो. तिला तसं सांगायला मीच शिकवलं होतं. तिच्यावर राग धरू नगा.' हे दुसरं खोटं होतं. शिकवलं होतं दादांनी. पण त्या दिवशी आमच्या घरात बोललं गेलेलं तेवढंच एक खोटं मला सांभाळून ठेवावंसं वाटतं.

'म्हंजी माझी शांता हिथं आली तर...'

'चढंल,' माय म्हणाली. 'माझ्यासंगं चढंल. पावसाळ्यात सुख हाय, हिवाळ्यात बी हाय. शिमग्यापासून मिरगापर्यंत हे असं हाय. आमचं पोरगं गुणाचं हाय, त्याच्यात खोट न्हाई. पर चढ हाय तो हाय. मी कमी करून सांगितला म्हणून कमी व्हायचा न्हाई.'

कोंडाबाईंनी सगळ्यात शेवटी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मायची ओली चुंबळ उचलली, पिळली आणि दोरीवर वाळत टाकली. एवढ्यात कुणीतरी सांगितल्यामुळे दादा धावत आले, फेटा कानावर उतरलेला, मागे चार जाणती माणसं धापा टाकत. मग सगळं ठरल्यासारखं उलगडत गेलं. ओसरी, गालिचा, शेवयांची खीर. वाघांबद्दलही बोलून झालं. गोविंदरावांनी दोन घास खाल्ले आणि उठताना म्हणाले, 'कळवतो.' कळवतो म्हणजे काय, ते आम्हाला तीन वेळच्या अनुभवाने पाठ झालं होतं.

दादा ओरडले नाहीत. चार दिवस ते मायशी बोललेच नाहीत. माधव अंधारात शेताला जायचा आणि अंधारात परत यायचा, शीळ बंद. मला कुणी मारलं नाही, रागावलं नाही, आणि तेच जास्त झोंबत होतं. पण मायला खरा त्रास झाला तो घागरटेकेवर. लग्नाची पोरं असलेल्या बायका तिथे तिच्यासाठी थांबून राहू लागल्या. 'तुझ्या एकट्या पोराचं मोडलं असतं तर आमी काय बोललो नसतो,' एकजण म्हणाली. 'पर तू सगळ्या गावाचं सांगून बसलीस. आता चाकूर-रेणापूरपतोर बातमी जाईल. आमच्या पोरांनी काय करावं?' मी मायच्या मागे माझी बिंदगी, म्हणजे लहान घागर, घेऊन उभी होते. माय ऐकून घ्यायची, घागर पुन्हा डोक्यावर चढवायची आणि निघायची. ज्या बाईवर सगळं गाव रुसलं आहे, ती बाई मान किती सरळ ठेवून चढू शकते, ते मी तेव्हा पाहिलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मानाची माणसं पाहिली, भाषणं ऐकली, सत्कार पाहिले. तसं चालणं पुन्हा पाहिलं नाही.

नवव्या दिवशी, बाजारच्या वारी, मी बारवेत बिंदगी बुडवत होते आणि वरून कुणीतरी हाक मारली. कोंडाबाई. एकट्याच, पिशवी घेऊन. मी घाबरून बिंदगी डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढू लागले, आणि बोलायचं नसतं म्हणून सुटकाच वाटली. त्या मुकाट माझ्या मागून आल्या. घागरटेकेवर बसलेल्या बायका एकेक करून गप्प झाल्या. वर पोचल्यावर त्या मायपाशी परसात, त्याच दगडावर बसल्या.

'घरात सांगून आले न्हाई,' त्या म्हणाल्या. 'मालकाचा राग हाय अजून. उतरंल. मला तुमच्याशी बोलायचं हाय. मला थोरली एक पोरगी हाय. तिचं घर बघायला मालक एकटेच गेले होते. दावणीला चार बैल बघितले, कणग्या भरलेल्या बघितल्या. लग्न झाल्यावर कळलं, बैल शेजाऱ्याचे होते आन् कणग्यांत खाली भुस्कट. पोरगी आजबी तिथंच हाय, अन् मी तिच्या तोंडाकडं बघू शकत न्हाई. म्हणून ह्या टायमाला मी हट्ट करून आले.' मग त्या म्हणाल्या, 'शांताला मी सगळं सांगितलं. चढ सांगितला, खेपा सांगितल्या. ती म्हणली, आई, त्या बाईनं तोंडावर सांगितलं ना, मग तिथंच दे.'

मायला मी कधी दिवसाउजेडी हातात काम नसताना बसलेलं पाहिलं नव्हतं. ती बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडली. कोंडाबाईंनी एकच अट घातली: उन्हाळ्यात रोजची एक खेप जावयाची. गावातल्या पुरुषांनी पाणवाटेवरून पाणी वाहणं म्हणजे तेव्हा हसण्याचीच गोष्ट होती.  दुसऱ्या दिवशी माधवने बांबू तासून कावड केली. देवड्यांतली माणसं त्याला महिनाभर हसली, आणि दोन उन्हाळ्यांनंतर त्या वाटेवर तीन कावडी झाल्या. शांतावहिनी आली आणि तीस वर्षं ती वाट चढली, नळ येईपर्यंत. मायला शेवटची वर्षं तिने चुलीपासूनसुद्धा उठू दिलं नाही.

आमच्या घरात पुढे या सगळ्याची एक गोष्ट होऊन बसली की कुसुमला, म्हणजे मला, खोटं जमत नाही, म्हणून तिने पाव्हण्यांना खरी वाट दाखवली. माझ्या शाळेच्या निरोप समारंभातसुद्धा भावाने ती सांगितली आणि टाळ्या पडल्या. पण ज्या दिवशी कोंडाबाई होकार देऊन गेल्या, त्याच संध्याकाळी मी मायला खरं काय ते सांगून टाकलं होतं. ती परसात घागरी राखेने घासत होती. मी म्हणाले, 'माय, मी खरं दावायला न्हाई नेलं त्यांना. माझे पाय पोळत होते.'

'मला माहीत हाय,' ती म्हणाली. 'आल्या आल्या तुझे तळपाय बघितले मी.'

'मग तू का सांगितलंस त्यांना सगळं? तू हौदात पाणी हाय म्हणली असतीस तर ते मानले असते.'

तिने घासलेली घागर उपडी घातली. मग म्हणाली, 'तो माणूस घाम पुसत दगडावर बसला अन् पोरीचं इचाराया लागला, तवा मला माझा बाप दिसला. त्यालाबी घोडवाटेनंच आणलं होतं गं. वाघ दावले, खीर खाऊ घातली. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मला माहेरी न्यायला आला, अन् फाट्यावर कुणीतरी त्याला जवळची वाट म्हणून मागची दावली. मी दोन घागरी घेऊन चढत होते. त्यानं हाक मारली. नवी नवरी मी, वाटेचा कायदा मोडायची हिंमत न्हाई. तशीच चढत गेले. वर घागरी ठेवल्या अन् पळत खाली आले, तर तो निघून गेला होता.'

'मग?'

'मग काय? मिरगात वारला. पोरगी आपल्याशी बोललीबी न्हाई, एवढंच घेऊन गेला.'